सैनिकांसाठी देणगी : खडकीचा दाखला

७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. डब्यात नाणे पडते आणि बहुतेकांचे कुतूहल तिथेच संपते.

पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पुढे ती पुण्याजवळील खडकीस आली. (नाव आजही राणीचेच!) अपंग सैनिकाच्या हाती पोटापाण्याचा हुन्नर द्यावा, हा तिचा हेतू. १९७१ च्या युद्धानंतर खडकीतच, १९७४ मध्ये, मज्जारज्जूच्या दुखापतीने लुळे पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. अशी दुखापत जन्माची सोबतीण असते. युद्धाचा ज्वर मात्र वर्षभरही टिकत नाही. त्यामुळे रणधुमाळीत उगवणाऱ्या निधींपेक्षा अशा चिवट संस्था अधिक पात्र ठरतात. अर्थात, जुनेपण हा पुरावा नव्हे. देणगीदाराने लेखापरीक्षित हिशेब मागावा आणि गतवर्षी किती सैनिकांची शुश्रूषा झाली, हेही विचारावे.