एका बिलाचे पैसे दोनदा: उपनगरातील ग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
भारतीय रिझर्व्ह बँक;
नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, वांद्रे-कुर्ला संकुल;
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर, वांद्रे (पूर्व);
आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील साखळी दुकानांचे व्यवस्थापन व व्यापारी संघटना

विषय: एकाच खरेदीपोटी ग्राहकाकडून दोनदा घेतली गेलेली रक्कम ठरावीक मुदतीत, त्याने पाठपुरावा न करता, परत मिळण्याबाबत.

महोदय,

माल एकदाच घेतला आणि पैसे मात्र दोनदा कट झाले, अशी तक्रार घेऊन आमच्या ग्राहक संघटनेकडे येणारा ग्राहक बहुधा दोन ठिकाणांहून परत पाठवलेला असतो. दुकानात त्याला सांगतात, "आमच्याकडे एकदाच आलेत, बँकेत विचारा." बँकेत सांगतात, "दोन्ही व्यवहार सक्सेसफुल आहेत, दुकानात विचारा." ही उत्तरे देणारी माणसे खोटे बोलतात असे आमचे म्हणणे नाही. काउंटरवरच्या मुलाला त्याच्या बिलापुढे एकच जमा दिसते, आणि पैसे समोरच्या खात्यात पोहोचल्याचे शाखेतल्या कर्मचाऱ्याला दिसते. मधल्या मध्ये ग्राहकाचे सहाशे, दोन हजार, कधी महिन्याच्या सगळ्या किराण्याचे पैसे अडकून राहतात. ते परत करायला हवेत असे कायदा सांगतो. किती दिवसांत आणि कोणी पुढाकार घेऊन, हे मात्र दुकानाच्या काउंटरपुरते कोणीच ठरवलेले नाही. ते ठरावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

हे घडते कसे, ते काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्यांना ठाऊक आहे. मुलुंडच्या पाच रस्त्याला, घाटकोपरच्या एम. जी. रोडवर किंवा बोरिवली स्टेशनसमोर संध्याकाळी रांग लागलेली असते. ग्राहक क्यूआर कोड स्कॅन करतो, पिन टाकतो आणि मोबाइलवरचे चक्र फिरत राहते. साउंडबॉक्सचा आवाज येत नाही. मागचा माणूस पिशव्या पुढे सरकवतो. कॅशिअर म्हणतो, "नाही आलं, परत करा." ग्राहक परत करतो, किंवा रोख देऊन मोकळा होतो. रात्री जेवणानंतर मेसेज पाहतो, तर पहिलेही पैसे गेलेले असतात. कार्डाच्या बाबतीतही असेच. मशिनचा कागद संपला, रेंज गेली, पावती निघाली नाही, म्हणून कार्ड पुन्हा लावले जाते.

तिसरा प्रकार मोबाइल किंवा कार्डाशी संबंधित नसल्यामुळे नजरेतून सुटतो. तेलाची एकच पिशवी स्कॅनरखालून दोनदा जाते आणि हातभर लांब बिलात तीच ओळ दोन जागी छापली जाते. मोठ्या दुकानांत दारावर रक्षक उभा असतो, तो बिल घेतो, ट्रॉलीत नजर टाकतो आणि शिक्का मारतो. बिलापेक्षा माल जास्त तर नाही ना, एवढेच पाहण्याचे काम त्याला दिलेले असते. बिलापेक्षा माल कमी भरला तर थांबवायचे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. ही व्यवस्था एकाच बाजूचे नुकसान टाळते.

आता नियमांकडे. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी काढलेले परिपत्रक ग्राहकाच्या फार उपयोगाचे आहे, आणि ते आम्ही सभासदांना वारंवार समजावून सांगतो. कार्डाने किंवा यूपीआयने दुकानात पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली, पण दुकानाकडे व्यवहाराची खात्री पोहोचलीच नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. पैसे परत करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर न ठेवता देणाऱ्यावर ठेवणारा हा नियम आहे.

पण तो अयशस्वी व्यवहारांपुरताच आहे. आमच्याकडे येणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी आहे. त्यांचे दोन्ही व्यवहार यशस्वी झालेले असतात. पहिला उशिरा पोहोचला, दुसरा लगेच, आणि दोन्ही दुकानाच्या खात्यात जमा झाले. वाटेत अडकलेल्या पैशाला पाच दिवसांची मुदत आहे. चुकून दुसऱ्याच्या खात्यात जाऊन बसलेल्या पैशाला ती नाही. बँकिंग लोकपालाकडे जावे, तर 12 नोव्हेंबर 2021 पासूनच्या एकात्मिक योजनेत बँका आणि रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या संस्था येतात, किराण्याचे दुकान येत नाही. बँक "आमच्या बाजूने सेवेत काही उणीव नाही" असे लिहून देते आणि प्रकरण तिथेच थांबते.

हे पैसे दुकानाचे नाहीत, याविषयी मात्र कायद्यात शंका नाही. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 72 नुसार चुकून मिळालेला पैसा ज्याला मिळाला त्याने परत केला पाहिजे. "तुम्हीच दोनदा पाठवले" हे काउंटरवर ऐकू येणारे उत्तर या कलमापुढे टिकत नाही, कारण ग्राहकाच्या हातून झालेली चूकही चूकच असते आणि कलम त्यासाठीच आहे. त्या पैशाच्या बदल्यात दुकानाने काही विकलेले नाही, त्याचे बिल नाही, त्यावरचा जीएसटी नाही. मग तो दुकानाच्या खात्यात एक दिवसही का राहावा?

आणि दुकानाला हे कळत नाही, हे आम्हाला मान्य नाही. संगणकावर बिले करणारी दुकाने सहसा रात्री गल्ला बंद करताना दिवसाची बिले आणि दिवसाची जमा यांचा मेळ घालतात. एका बिलापोटी दोन जमा आल्या असतील, तर जमेची बाजू तेवढ्याच रकमेने वाढते. गल्ल्यात 100 रुपये कमी भरले तर त्या रात्री कॅशिअरकडून हिशेब मागितला जातो. जास्त भरले तर तेवढ्याच तत्परतेने शोध का घेतला जाऊ नये? दुसरी जमा कोणत्या संदर्भ क्रमांकाने आली, हे दुकानाच्या किंवा त्याच्या बँकेच्या नोंदीत असतेच.

आमची मुख्य मागणी यातूनच निघते. साखळी दुकानांनी हा मेळ रोज घालावा आणि एका बिलापोटी आलेली दुसरी जमा पुढच्या कामाच्या दिवशी, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात, आपणहून परत पाठवावी. ग्राहक बिल घेऊन आला, तरच पाहू, असे नको. रकमेऐवजी क्रेडिट नोट किंवा "पुढच्या खरेदीत वळते करून घ्या" हा पर्याय ग्राहकाने स्वतः मागितला तरच द्यावा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन हजार रुपये अडकलेल्या कुटुंबाला त्याच दुकानातली पुढची खरेदी नको असते. त्याला दुधाचे आणि रिक्षाचे पैसे हवे असतात.

रिझर्व्ह बँकेने 2019 च्या परिपत्रकाची व्याप्ती वाढवून "एकाच खरेदीपोटी दोन यशस्वी व्यवहार" हा प्रकार त्यात घालावा, त्याला तीच पाच दिवसांची मुदत आणि तीच 100 रुपयांची भरपाई लागू करावी. मुदत कधीपासून मोजायची, हा प्रश्न निघेल. आमचे म्हणणे असे की ग्राहकाने बँकेत, दुकानात किंवा ॲपवर, जिथे पहिल्यांदा कळवले तिथपासून. त्याने योग्य दार शोधेपर्यंत घड्याळ थांबता कामा नये.

काउंटरवरची मशिने आणि क्यूआर कोड पुरवणाऱ्या बँका व पेमेंट कंपन्यांकडे आमची वेगळी मागणी आहे. त्याच खात्यातून, त्याच काउंटरवर, तेवढीच रक्कम काही मिनिटांत पुन्हा आली, तर यंत्रणेने ती ओळखावी आणि कॅशिअरला विचारावे, "हे दुसरे बिल आहे का?" उत्तर येईपर्यंत ती रक्कम दुकानाला अदा करू नये. चहाच्या टपरीवर एकाच माणसाने पाठोपाठ दोनदा वीस रुपये देणे नेहमीचे आहे, म्हणून सरसकट रोखून धरण्याची मागणी आम्ही करत नाही. छोट्या रकमा यातून वगळता येतील. पण 1,847 रुपयांसारखी विषम रक्कम तीन मिनिटांत दोनदा यावी, हा योगायोग नसतो.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला सांगायचे आहे ते 26 मार्च आणि 12 एप्रिल 2025 च्या अनुभवावरून. त्या दोन्ही दिवशी यूपीआय देशभर कोलमडले होते. 12 एप्रिलच्या बिघाडात तर बँकांकडून व्यवहारांच्या स्थितीची पुन्हा पुन्हा होणारी विचारणा हेच यंत्रणेवरचे ओझे ठरले. "पैसे गेले की नाही" हे यंत्रणेलाच लगेच सांगता येत नव्हते, तेव्हा रांगेतल्या माणसाने काय ठरवायचे? व्यवहार प्रलंबित असताना त्याच दुकानाला तीच रक्कम पुन्हा पाठवू लागलेल्या ग्राहकाला ॲपने ठळक मराठीत थांबवावे, आधीचा व्यवहार अजून संपलेला नाही, असे सांगावे. सेवा विस्कळीत असेल तेव्हा ते दुकानाच्या मशिनवरही दिसावे, म्हणजे "परत करा" म्हणण्याआधी कॅशिअर थांबेल.

खातेपुस्तकात दिसणारे नाव हा ज्येष्ठांचा मोठा त्रास आहे. दुकानाच्या पाटीवर एक नाव, पासबुकात मालक कंपनीचे किंवा पेमेंट कंपनीचे भलतेच. दोनदा गेलेले पैसे त्यांना दिसतात, पण कुठे गेले ते ओळखता येत नाही. पाटीवरचे नाव आणि उपनगराचे नाव नोंदीत आलेच पाहिजे.

छोट्या दुकानदारांविषयी आम्हाला आवर्जून बोलायचे आहे, कारण ते आमचे शेजारी आहेत. बनावट ॲपवरून "पेमेंट झाले" असा खोटा स्क्रीन दाखवून त्यांना फसवल्याचे प्रकार होतात. ग्राहकाच्या मोबाइलवरच्या चित्रावर त्यांनी विश्वास ठेवावा, असे आम्ही म्हणत नाही. पडताळणी बारा अंकी संदर्भ क्रमांकावरून व्हावी आणि ती दुकानाच्या बँकेने करून द्यावी. दुसरी जमा परत करायला त्यांना तीन कामाचे दिवस मिळावेत. कार्डाच्या दुसऱ्या व्यवहारावर बँकेने कापलेले शुल्क दुकानदाराला परत मिळावे. दुसऱ्याची चूक दुरुस्त करताना त्याच्या खिशाला चाट बसली, तर तो पुढच्या वेळी टाळाटाळ करणारच. आणि काउंटरवरच्या मुलाच्या पगारातून अशी रक्कम कापू नये. ती चूक त्याची नसते.

साखळी दुकानांना आणखी एक गोष्ट लागू व्हावी. ऑनलाइन विक्रीसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यानुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे असते. म्हणजे तीच तूरडाळ त्याच साखळीच्या ॲपवरून घेतली तर ग्राहकाला दाद मागायला एक नाव आहे, आणि दुकानात जाऊन घेतली तर नाही. हा भेद काढून टाकावा. काउंटरवर मराठीत फलक लावावा: पैसे दोनदा गेल्यास कोणाला भेटायचे, पोच कोण देईल, किती दिवसांत परत मिळतील. आणि दारावरच्या रक्षकाला बिलातली दुहेरी ओळही दाखवून द्यायला शिकवावे.

दाद मागण्याची सोय कागदावर चांगली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पण उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्र्याला आहे. मुलुंडच्या माणसाने सहाशे रुपयांसाठी दादरला गाडी बदलून, रजा टाकून, तारखांना हजर राहायचे, हे व्यवहारात होत नाही, आणि याच भरवशावर ही रक्कम दुकानात राहते. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी कायद्याच्या कलम 16 खालचा आपला अधिकार वापरावा. ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांचा भंग होत असल्यास आपल्या हद्दीत चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल पाठवण्याचा हा अधिकार आहे. सुरुवात चारही उपनगरांतल्या साखळी दुकानांकडून गेल्या वर्षभरात एका बिलापोटी आलेल्या दुहेरी जमा आणि त्यांतल्या परत केलेल्या रकमा, एवढी माहिती मागवण्यापासून व्हावी. जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखालच्या जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेत हा विषय घ्यावा आणि बँकांनाही तिथे बोलवावे.

आमच्या सभासदांनाही आम्ही काही सूचना दिल्या आहेत. पैसे प्रलंबित असताना पुन्हा पाठवू नयेत, आधी बँकेचा मेसेज पाहावा. बिल आणि संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. तक्रार लेखी द्यावी, कॅशिअरशी वाद घालू नये. बँकेकडून 30 दिवसांत समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जावे, दुकानाविरुद्ध 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. जास्तीचा माल चुकून पिशवीत आला असेल, तर तो परत नेऊन द्यावा, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे.

या पत्राचे लेखी उत्तर 30 दिवसांत, मराठीत मिळावे. साखळी दुकाने व व्यापारी संघटनांनी त्याआधी चर्चेला बोलावल्यास आम्ही बिले, पासबुकाच्या नोंदी आणि संबंधित ग्राहकांसह हजर राहू. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 नुसार ग्राहक संघटना म्हणून आम्ही सभासदांच्या तक्रारी एकत्रितपणे वांद्र्याच्या आयोगापुढे दाखल करू.

आपले,
कार्यकारिणी व सभासद ग्राहक,
अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर