दार बंद होईपर्यंत फुकट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शॉमबर्गमधल्या एका मैत्रिणीकडे गेले होते. तिथून थेट ओहेअर विमानतळ गाठायचा होता, म्हणून अंगावर युनिफॉर्म, हातात चाकांची बॅग आणि तिच्यावर अडकवलेली डब्याची पिशवी. दारातच एक काकू म्हणाल्या, "काय गं, या बॅगेत सगळं मेकअपचंच सामान ना? परवा व्हिडिओ बघितला मी एका हवाईसुंदरीचा. किती छान लावून ठेवतात गं सगळं!" सगळ्या हसल्या. मीही हसले, वाण घेतलं आणि निघाले.

तेव्हा न दिलेलं उत्तर आज देते. मुलं मोठी झाल्यावर, वयाच्या पंचेचाळिशीत मी ही नोकरी धरली. एका प्रादेशिक विमानकंपनीच्या छोट्या विमानांवर मी काम करते. बॅगेत काय असतं ते आधी सांगते, मग भांडते.

वरच्या थरात टॉर्च. ती हौसेची नाही. प्रत्येक उड्डाणात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाताशी चालू स्थितीतली टॉर्च असलीच पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. केबिन धुराने भरली तर दार शोधायला तीच. मग नियमपुस्तक, जे आता टॅबलेटवर असतं. त्यात आग, प्रसूती, हृदयविकार, पाण्यावर उतरणं, सगळं आहे. पासपोर्ट, ओळखपत्र, चार्जर, एप्रन, सपाट टाचांचे बूट, जादा मोजे. मेकअपची एक छोटी पिशवीही आहे, नाही कशाला म्हणू. नीटनेटकं दिसणं हाही कंपनीचा नियमच.

खालच्या थरातलं सामान कुठल्याच नियमात नाही. फोडणी घालून भाजलेला रवा: हॉटेलच्या कॉफीयंत्रातलं गरम पाणी ओतलं की उपमा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, हॉटेलचे पडदे फट न ठेवता बंद करायला. दाराखाली सरकवायची रबरी पाचर, कारण खोलीचा नंबर गर्दीच्या लॉबीत कुणीही ऐकलेला असतो. पाय सुजू नयेत म्हणून घट्ट मोजे. पाठीला लावायचा बाम. आणि महिन्यातले काही दिवस मी 'रिझर्व्ह' असते, म्हणजे फोन आला की धावायचं. तो मिनेसोटाला नेईल की टेक्ससला ते माहीत नसतं. म्हणून जाड थर्मल आणि सुती टीशर्ट दोन्ही.

व्हिडिओत हे सगळं गोड दिसतं. पण खालच्या थरातली प्रत्येक वस्तू कशाच्या तरी तुटीपोटी बॅगेत आली आहे. कधी पैशाची तूट, कधी झोपेची, कधी सुरक्षिततेची. ती भरून काढायचं काम कंपनीचं, आणि काढते मी, माझ्या स्वयंपाकघरातून.

डब्यापासून सुरुवात करू. गेल्या महिन्यातला माझा एक दिवस सांगते. पहाटे सव्वापाचला हजर झाले, दुपारी चार चाळीसला सुटले. चार उड्डाणं. अकरा तास पंचवीस मिनिटं कामावर, आणि पगार पाच तास पन्नास मिनिटांचा. कारण आमचं पगाराचं घड्याळ विमानाचं दार बंद होऊन ते गेटवरून हललं की सुरू होतं, आणि पुढच्या गेटवर थांबलं की बंद. घराबाहेर असल्याच्या तासाला दोन डॉलरच्या आसपास भत्ता मिळतो, तो वेगळा. विमानतळावर सँडविच आणि पाणी घेतलं की पंधरा-सोळा डॉलर गेले. दशम्या काही गावच्या आठवणीने नेत नाही मी.

आता चिमटे. दोन ड्युट्यांच्या मध्ये आम्हाला किमान दहा तास विश्रांती मिळावी, असा कायदा काँग्रेसने २०१८ मध्ये केला. प्रत्यक्ष नियम यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. त्याआधी नऊ तास होते, आणि तेही आठवर आणता येत. या दहा तासांतच हॉटेलच्या गाडीची वाट बघणं, जाणं, जेवण, आंघोळ, परत येणं. झोपेला उरतात सहा, फार तर साडेसहा तास. पडद्याच्या फटीतून पार्किंगचा दिवा डोळ्यांवर आला तर तेवढेही नाहीत.

आणि बाम. तो बोर्डिंगचा आहे. गंमत बघा: चाकांची ही उभी बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या एका वैमानिकाने तयार केली, आणि सुरुवातीला ती विमान कर्मचाऱ्यांनाच विकली जाई. आमच्या हातातली पाहून प्रवाशांनी ती घेतली, आणि आता प्रत्येकाला ती वरच्या कप्प्यात घालायची असते. "जरा उचलता का?" असं विचारत आपलीच माणसं पुढे करतात, आतमध्ये चितळ्यांची बाकरवडी, लोणच्याच्या बरण्या आणि भाच्याची पुस्तकं. ती बॅग मी उचलते तेव्हा मला एक सेंटही मिळत नसतो.

त्या अर्ध्या तासात मी फक्त बॅगाच बघत नसते. ऑक्सिजनच्या बाटल्या, अग्निशामक, हृदयाला झटका देणारं यंत्र जागेवर आहे ना, ते प्रवासी यायच्या आधीच तपासलेलं असतं. मग दारात "वेलकम" म्हणताना कोण पिऊन आलंय, कोणाला धाप लागली आहे, संकटकाळच्या दाराजवळ बसलेल्याला ते उघडणं झेपेल का, हे बघत असते. माझ्या विमानात ७६ आसनं आहेत आणि ५० आसनांमागे एक या नियमाने आम्ही दोघं. प्रवासी चढत असताना आम्ही आत असणं कायद्याने बंधनकारक आहे. पुरेसं मनुष्यबळ नसेल तर बोर्डिंग सुरूच करता येत नाही. म्हणजे कायदा म्हणतो, तुमच्यावाचून चालणार नाही. आणि पगारपत्रक म्हणतं, तुम्ही अजून कामावर नाही. चार उड्डाणांचे चार अर्धे तास, असे दोन तास त्या दिवशी मी फुकट दिले.

यावर आपल्याच मंडळींकडून मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: "तुमचा तासाचा दर चांगला असतो, त्यात हे धरलेलंच असतं." धरलेलं असेलही. पण मग उशिराचं काय? बोर्डिंग अर्ध्या तासाऐवजी दीड तास चाललं, सगळ्यांना उतरवून पुन्हा चढवलं, तरी कंपनीला आमच्यापोटी जादा खर्च शून्य. जे फुकट मिळतं ते कुणी जपून वापरत नाही. आमचा वेळ वाया घालवणं स्वस्त आहे म्हणून तो वाया जातो, आणि त्याबरोबर तुमचाही.

दुसरं: "नोकरी घेताना माहीत होतं ना?" होतं. १९८१ पर्यंत एअर इंडियातल्या मुलींनाही माहीत होतं, की पहिलं मूल होणार म्हटल्यावर नोकरी जाणार. नर्गेश मिर्झा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि तो नियम रद्द झाला. माहीत असलेला नियम न्याय्य असतोच असं नाही.

तिसरं: "जगभर हीच पद्धत आहे." होती, आता मोडते आहे. डेल्टाने २०२२ मध्ये बोर्डिंगच्या वेळेला अर्ध्या दराने पैसे द्यायला सुरुवात केली. अमेरिकन एअरलाइन्सच्या २०२४ च्या करारात ते आले. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांहून अधिक फ्लाइट अटेंडंट याच मुद्द्यावर संपावर गेले. सरकारने काही तासांत परत कामावर जायचा आदेश काढला, तो त्यांनी मानला नाही, आणि चौथ्या दिवशी झालेल्या समझोत्यात जमिनीवरच्या कामाचे पैसे कबूल करून घेतले. त्या चार दिवसांत टोरांटोच्या आपल्या ओळखीतल्या ग्रुपवर मी वाचत होते: "यांच्यामुळे आमचं गणपतीचं भारतात जाणं बोंबललं." लिहिणारे बहुतेक कन्सल्टंट, क्लायंटला पंधरा-पंधरा मिनिटांचं बिल लावणारे.

मला याचाच राग आहे. विमानकंपन्यांकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही, त्या पैसे वाचवणारच. पण आपण? आपल्या वेळेची किंमत मागायला शिकूनच आपण या देशात उभे राहिलो. मग दारात उभ्या असलेल्या बाईचा वेळ आपल्याला इतका स्वस्त का वाटतो? मला वाटतं, त्याचं मूळ 'हवाईसुंदरी' या शब्दात आहे. सुंदरीला कसले आले कामाचे तास? १९३० मध्ये हे काम करणारी पहिली बाई, एलेन चर्च, प्रशिक्षित नर्स होती. पण आपल्या भाषेने त्यातली सुंदरीच उचलली, आणि पुरुष सहकाऱ्यासाठी शब्दच ठेवला नाही.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती. तरी आतली सगळी ३७९ माणसं जिवंत बाहेर आली, कारण कर्मचाऱ्यांनी दारं पारखून उघडली, बॅगा सोडा म्हणून सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. आमचं खरं काम ते. उपमा खाऊन सहा तास झोपलेल्या माणसाकडून तुम्हाला तीच अपेक्षा असते.

तर मागणं मोठं नाही. वरच्या कप्प्यात जी बॅग स्वतः उचलता येत नाही, ती चेक-इन करा. पुढच्या संपाच्या वेळी तिकीट बदलायचा मनस्ताप होईल, तेव्हा कंपनीला तक्रार लिहा, आणि तिच्यातच लिहा की या लोकांना बोर्डिंगचे पैसे द्या. तिकीट काढणाऱ्याचं पत्र आमच्या निवेदनापेक्षा जास्त वाचलं जातं. आणि मंडळाच्या कार्यक्रमात मला फ्लाइट अटेंडंट म्हणा.

काकू, पुढच्या हळदीकुंकवाला बॅग उघडून दाखवते. दशम्या असतील, त्यातली एक तुम्हाला.