शिका म्हणता, मग आमचा रोज कोण भरणार?

दोस्तांनो, सरकार म्हणतं शिका. कौशल्य घ्या. फी आम्ही भरतो. भरा की. पण आम्ही नुसत्या फीवर अडलेलो नाही. आम्ही अडलोय रोजावर.

धरमतरच्या खाडीत भरतीबरोबर बार्ज वर येतात. कोळसा, लोखंडाची माती. केबिनमधला क्रेनवाला ग्रॅब सोडतो, उचलतो, हॉपरात ओततो. ग्रॅब पोचत नाही त्या कोपऱ्यांत आम्ही. फावड्याने माल मधे ओढायचा. थुंकलं तर काळं, नाक शिंकरलं तर तांबडं. त्या केबिनमध्ये आणि माझ्यात वीस-पंचवीस हातांचं अंतर. ते चढायला काही महिन्यांचं ट्रेनिंग लागतं. तेवढे महिने फावडं खाली ठेवलं की तेवढे महिने चूल बंद. हे गणित मंत्रालयाला कळत नाही असं मी मानत नाही. कळतं. परवडत नाही.

मी गेलो होतो एका खाजगी सेंटरात विचारायला. नाव घेत नाही. म्हणाले, आधी रोख भरा, सरकारी पैसे आले की बघू. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं खातं, सगळं पिशवीत होतं. रोख तेवढी नव्हती. आणि समजा असती, तरी पुढचे महिने खायचं काय?

हिशेब घ्या. अनुसूचित जातींसाठी केंद्राची पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिप. अट काय, तर घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. २०२१च्या नियमांत आयटीआय चौथ्या गटात बसवलंय. घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्याला वर्षाचा भत्ता २,५०० रुपये. भागा ३६५ने. दिवसाला सात रुपयेसुद्धा होत नाहीत. पेणच्या एसटी स्टँडवर एवढ्यात कटिंग चहा येत नाही. बापाच्या घरी राहणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराच्या वह्यापेनाला ते पुरत असतील. पण ज्याच्या खिशाकडे आई, बायको आणि वाणी तिघंही बघतात, त्या पंचविशीतल्या माणसाचा या कागदात विचारच नाही.

राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. शिकताना हातात पैसा द्यायचा, एवढं तरी तिला सुचलं. महिन्याला बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. आणि मॅट्रिकवाल्याला? दार बंद. दहावी होऊन जेट्टीवर गेलेला पोरगा यांच्या हिशेबी तरुणच नाही. आत घेतले त्यांची गत वेगळी. सहा महिन्यांचे अकरा केले, आणि पुढे काय याचं उत्तर नाही. २०२५ साली तीच पोरं कायम करा म्हणत रस्त्यावर आली.

मग पैसा जातो कुठे? २०२५च्या डिसेंबरात कॅगचा अहवाल संसदेत आला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना तपासली, तर ९५ लाखांवर नावांपैकी ९४ टक्क्यांहून जास्त नावांपुढे बँक खात्याच्या रकान्यात शून्य, नाहीतर कोरं. आमचा एक दाखला कमी पडला तर खिडकी बंद करता, आणि तिथे लाखो माणसं खात्याशिवाय शिकून गेली! च्यायला, भुतांना कौशल्य दिलंत काय?

आणि आमच्या नावाने ठेवलेलंही आमच्याकडे ठेवत नाहीत. २०२५च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडक्या बहिणीकडे वळवले. त्या पंधराशे रुपयांवर आमच्याही आयाबहिणींची घरं चालतात. त्यांचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण बहिणीला द्यायला भावाचाच खिसा का कापता? दुसरे खिसे शिवून टाकलेत?

आता आपल्या पुढाऱ्यांकडे वळतो. बाबासाहेबांना १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी न्यूयॉर्कला धाडलं ते महिन्याला साडेअकरा पौंड देऊन. पोटाची तजवीज आधी, पुस्तक नंतर. आणि १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं, त्यात नुसती स्कॉलरशिप नव्हती. सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या पोरांना अप्रेंटिस घ्या, हेही होतं. म्हणजे हत्यार हातात धरून शिकणं. पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिप १९४४ साली सुरू झाली. पुढारी सभेत तिचीच आरती करतात, छापखाना आणि कारखाना गाळतात. कॉलेजात पोचला तो आपला, कॉलेजच्या अलीकडे गळला तो कुणाचा?

कुणी म्हणेल, शिकायचे पैसे मागता, फुकटे आहात. मसुरीला कलेक्टर शिकतो तेव्हा त्याचा पगार चालू असतो. पोलीस शिपाई ट्रेनिंगला जाऊन कवायत शिकतो, पगार चालू. त्यांना फुकटे म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही. ती उचलते फावडंवाल्यावर.

तेव्हा दोस्तांनो, अर्जात फी माफ करा एवढंच लिहून थांबू नका. अंगमेहनतीवर जगणारा माणूस ट्रेनिंगला बसेल त्या प्रत्येक दिवसाचं किमान वेतन सरकारने द्यावं. दर आठवड्याला, त्याच्या स्वतःच्या खात्यात, सेंटरवाल्याच्या नाही. शिक्षणाची अट दहावी, आणि नापासालाही वाट. वयाची अट पस्तिशीच्या पुढे न्या, कारण जेट्टीवर पस्तिशीतच कंबर जाते आणि केबिन खरी तेव्हा लागते.