मूत्ररोगतज्ज्ञांनो, हक्काची खाट दाखवा!

प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबलेल्या वृद्धाला ग्रामीण रुग्णालयात नळी घालतात. पुढच्या शस्त्रक्रियेला मूत्ररोगतज्ज्ञ लागतो आणि तो बहुधा शहरातच असतो. पैशाअभावी नळी महिनोन्‌महिने तशीच राहते. जंतुसंसर्ग किडनीपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत व १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. ही भीक नव्हे, हक्क आहे! म्हणून तज्ज्ञांनी खर्चाचा आकडा सांगण्याआधी रुग्णाला वैद्यकीय समाजसेवकाकडे पाठवावे. कार्यकर्त्यांनी शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला घेऊन सोबत जावे. खाट नाकारल्यास धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी, असे आम्ही आवाहन करतो.