नेट सेंटरच्या वहीतले माझे नाव

आमच्या घरात कपाट एकच आणि त्याची किल्ली आईच्या कमरेला. स्मार्टफोनही एकच, तो मात्र सगळ्यांचा. दिवसभर तो आबांच्या खिशात शेतात असतो, संध्याकाळी धाकटा भाऊ त्यावर गेम खेळतो आणि रात्री नऊनंतर तो माझ्या वाट्याला येतो. अशा फोनला मी कसले कुलूप घालणार? आणि घातलेच, तर "पोरीच्या जातीला कुलूप कशाला?" हा प्रश्न तयारच.

पासवर्ड कुणाला सांगू नये, असे व्याख्यानांतून ऐकतो. खरे आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरला जातो, ते वक्त्यांनी एकदा येऊन पाहावे. तालुक्याच्या स्टँडजवळचे नेट सेंटर, दारात रांग, शेवटची बस साडेपाचची. आधारला जोडलेला नंबर आबांचा. मैत्रिणीच्या फोनवरून मी त्यांना विचारते, "आबा, आकडे आले का?" घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आबांना आकडे वाचता येतात, हेच नशीब. ते ओरडून सांगतात, मी मोठ्याने म्हणते, सेंटरवाला टाइप करतो. रांगेतली आठ-दहा माणसे ऐकतात. ओटीपी म्हणे गुप्त असतो!

तिथे एक लांबट वही असते. नाव, आधार क्रमांक, मोबाइल, पासवर्ड. पासवर्ड सगळ्यांचा एकाच घाटाचा, नावापुढे १२३. "विसरलीस तर मलाच विचारायला येशील," असे तो म्हणतो, आणि तसे होतेही. माणूस वाईट नाही. गेल्या वर्षी माझा परत आलेला अर्ज त्याने पैसे न घेता दुरुस्त केला. पण त्याच्या संगणकावर आमचे जातीचे दाखले, पासबुके, फोटो नावानिशी उघडे पडलेले असतात.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा नंबर असाच कुठून तरी बाहेर गेला. रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. घरच्यांनी तिचाच फोन काढून घेतला आणि पंधरा दिवस तिला कॉलेजला पाठवले नाही. म्हणून खासगीपणा ही शहरी चैन आहे असे कुणी म्हटले, की मला राग येतो.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. तो अधिकार अजून आमच्या स्टँडवर उतरायचा आहे. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे आधारही काढता येते, हे मला यंदा कळले. ते घेऊन गेले तर सेंटरवाला म्हणाला, "हे अर्धवट आहे, पूर्ण आण."

थोडे धीट होऊन प्राध्यापकांना एक विनंती करते. अर्जांच्या दिवसांत महाविद्यालयातील संगणक रोज दोन तास आम्हाला खुले करावेत. आमचे अर्ज आम्ही भरू. आणि वर्गाच्या ग्रुपवर याद्या टाकताना मोबाइल नंबर गाळावेत.

परवा सेंटरवर जाऊन माझे कागद पुसायला सांगितले. तो हसला. "अगं, तुझे कागद कोण खातंय?" तरी पुसले, मग मी रिसायकल बिनही रिकामी करायला लावली. वहीतले पान मात्र फाडता येईना, पाठीमागे आणखी दोघींची नावे होती. त्याच्याच पेनाने माझ्या ओळीवर रेघा मारल्या. पान उजेडात धरले तर अजून वाचता येते. रात्री नऊनंतर फोन हाती आला, तेव्हा पासवर्ड बदलला.