मान, डोके आणि दीड मैल

शर्यतीतील अंतर 'लेंग्थ'मध्ये, म्हणजे एका घोड्याच्या लांबीत, मोजले जाते आणि घोडे त्याहून जवळ आले, की मान, डोके, नाक अशी मापे वापरावी लागतात. अमेरिकेतील अफर्म्ड आणि अलिदार या घोड्यांच्या १९७८ सालच्या चुरशीचे मर्म या मापांतच आहे. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकणाऱ्या तीन वर्षांच्या घोड्यास 'ट्रिपल क्राउन'चा मान मिळतो. अफर्म्डने त्या अनुक्रमे दीड लेंग्थ, एक मान आणि एक डोके एवढ्या फरकाने जिंकल्या, आणि तिन्हींत दुसरा आला तो अलिदारच. दीड मैलांच्या बेलमाँटमध्ये अलिदार अखेरीस उजवीकडून इतका खेटून धावत होता, की अठरा वर्षांचा जॉकी स्टीव्ह कॉथेन याला त्या हाताने चाबूक चालवता येईना, म्हणून त्याने तो डाव्या हातात घेतला. दहा लढतींत सात वेळा अफर्म्ड सरस ठरल्याने ही चुरस एकतर्फी भासेल, परंतु 'ट्रिपल क्राउन'च्या तीन शर्यतींत हरणाऱ्याने अंतर दर वेळी घटवत आणले, यातच तिची थोरवी आहे. पैदाशीच्या कामात मात्र पारडे फिरले: १९८७ची केंटकी डर्बी जिंकणारा अलिशीबा हे अलिदारचेच शिंगरू.