विश्लेषण : तोफ पाषाणची, पण वर्गातला भागाकार कच्चा... शस्त्रांतील स्वावलंबन कुठे अडते?

पाषाण येथील 'एआरडीई' या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'एटॅग्ज' तोफांसाठी संरक्षण मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम्सशी करार केले. ३०७ तोफा आणि त्या ओढणारी वाहने यांची किंमत सुमारे ६,९०० कोटी रुपये. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 'एनआयआरएफ'च्या सर्वसाधारण क्रमवारीत ३७व्या स्थानावरून ९१व्या स्थानी घसरले. एकाच शहरातील या दोन बातम्या वेगळ्या वाटल्या, तरी त्यांचा जवळचा संबंध आहे.

एकच विक्रेता दोन प्रतिस्पर्ध्यांना कसा?

भारताने २०१८ मध्ये रशियाशी 'एस-४००' हवाई संरक्षण प्रणालीचा करार केला. चीनने तीच प्रणाली त्याआधीच विकत घेतली होती. पाकिस्तानच्या 'जेएफ-१७' विमानांतही रशियन बनावटीचे इंजिन आहे. अमेरिका भारताला 'अपाची' हेलिकॉप्टर विकते आणि २०२२ मध्ये पाकिस्तानच्या 'एफ-१६' विमानांच्या देखभालीसाठी ४५ कोटी डॉलरच्या पॅकेजला मंजुरीही देते. भारताने आक्षेप घेतला, पण निर्णय बदलला नाही. विक्रेत्याला दोन्ही गिऱ्हाइके हवीच असतात.

खरेदीदार कुठे अडकतो?

शस्त्र आपले झाले तरी सुटे भाग, दुरुस्ती आणि सॉफ्टवेअरची किल्ली विक्रेत्याकडेच राहते. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा रोखला होता. आजही 'तेजस मार्क-१ ए' विमाने लांबण्यामागे अमेरिकी इंजिनांचा उशिरा झालेला पुरवठा हे एक मोठे कारण आहे. 'सिप्री'च्या आकडेवारीनुसार २०२०-२४ या काळात युक्रेननंतर सर्वाधिक शस्त्रे आयात करणारा देश भारतच होता.

यात शिक्षण कुठे आले?

तोफेच्या नळीला धातुशास्त्र लागते, दारूगोळ्याला रसायनशास्त्र आणि जेट इंजिनाच्या पात्यांना दोन्ही. ही माणसे आयात करता येत नाहीत. ती वर्गात घडतात. 'असर २०२४' सांगतो की, देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील जेमतेम ३१ टक्के मुलांना भागाकार येतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पुन्हा लिहावी लागली. संशोधनावर २०२०-२१ मध्ये भारताने 'जीडीपी'च्या ०.६४ टक्के खर्च केला, तर चीनने सुमारे २.४ टक्के.

मग काय करायला हवे?

'सीमेवर धोका असताना आधी शस्त्रे, शाळा नंतर' हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात तातडीची खरेदी टळणार नाही, हे मान्य करूनही तो टिकत नाही. कारखाना दोन-तीन वर्षांत उभा राहतो. पहिलीतले मूल संशोधक व्हायला मात्र वीस वर्षे लागतात. त्यामुळे ते काम आजच सुरू करावे लागते. राज्य सरकारने विद्यापीठांतील प्राध्यापकांची रिक्त पदे भरणे आणि प्राथमिक शाळेत गणित पक्के करून घेणे, हा संरक्षणसिद्धतेचाच भाग मानला पाहिजे. पाषाणच्या प्रयोगशाळेपासून गणेशखिंडीतले विद्यापीठ काही मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथल्या प्राध्यापकांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर पुढची तोफ पुन्हा परदेशी दुकानातूनच आणावी लागेल, आणि त्याच दुकानात शेजारीही रांगेत उभा असेल.